उंबऱ्याबाहेरचं ऊन

विदर्भात कुणाला ‘जरा उन्हात बसत जा’ असं सांगणं म्हणजे थट्टाच. आमच्या मंगरूळपीरला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही, आणि जुनी माणसं अजून खिशात कांदा ठेवतात. ऊन आमच्याकडे पाहुणा म्हणून येत नाही, वसुलीला आलेल्या सावकारासारखं येतं. म्हणून अकोल्याच्या एका डॉक्टरांनी २०२० च्या फेब्रुवारीत माझ्या आईचा रक्ताचा अहवाल हातात धरून ‘यांच्या अंगाला वर्षानुवर्षं ऊन लागलेलं नाही’ असं म्हटलं, तेव्हा मला आधी हसूच आलं.

अम्मी २०१९ च्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर घसरून पडली. खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं. एका इस्पितळात ऑपरेशन झालं, आत सळी बसली, स्क्रू बसले. तीन महिन्यांत वॉकर घेऊन चालेल असं सांगितलं होतं. सहा महिने झाले तरी दोघांनी धरल्याशिवाय तिला खाटेवरून उठता येईना. एक्स-रेमध्ये मोडीची रेघ जशीच्या तशी. तिथे विचारलं तर उत्तर एकच, ‘वय झालं चाचा, एवढं तर चालायचंच.’ रक्तात ड जीवनसत्त्व किती आहे, हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे माहीत असायला हवं ना!

दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र विचित्र वाटावेत असे प्रश्न विचारले. पडण्याच्या आधी जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागत होता का? जिना चढताना मांड्या भरून यायच्या का? आणि शेवटी : घरात ऊन येतं का? पहिल्या दोन प्रश्नांना अम्मीने मान हलवली. तिसऱ्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते का, ते पुढे सांगतो.

अहवालात आकडा होता ६. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असलं तर सर्वसाधारणपणे कमतरता धरतात.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. हाडांशी माझा संबंध यमकापुरताच आलेला. पण त्या आकड्याने मला वाचायला बसवलं, आणि वाचता वाचता मी जिथे पोचलो ते ठिकाण लंडन-न्यूयॉर्क नव्हतं. ते होतं आपलं नाशिक, साल १९२२.

तिकडे जाण्याआधी हाडाचं थोडं सांगायला हवं. बांधकामावर आधी लोखंड बांधतात, मग त्यावर सिमेंट-गिट्टीचा माल पडतो. हाडाचंही तसंच. प्रथिनांच्या धाग्यांची जाळी म्हणजे लोखंड. कॅल्शियम आणि फॉस्फरसचे क्षार म्हणजे माल. हा माल आतड्यातून रक्तात उतरवून घेणारा मुकादम म्हणजे ड जीवनसत्त्व. तो हजर नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के शरीराला मिळतं, बाकीचं वाया जातं. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांनाच पोखरतं. लहान मुलांत हे झालं की पाय धनुष्यासारखे वाकतात, गुडघे एकमेकांवर घासतात. त्याला मुडदूस म्हणतात. मोठ्या माणसात हाडं मऊ पडतात, ठणकतात, मांड्यांतला जोर जातो, माणूस बदकासारखा झुलत चालतो. डॉक्टरी भाषेत ऑस्टिओमलेशिया. अशा हाडात स्क्रू घट्ट बसणं अवघड, आणि बसला तरी मोड भरायला माल नाही. शिवाय ऑपरेशननंतर उठून चालायला मांड्यांत जो जोर लागतो, तोही नाही.

आणि हा मुकादम अन्नातून फारसा येतच नाही. माशाचं तेल, काही मासे, अंड्याचा पिवळा बलक यांत थोडाफार. तो तयार होतो आपल्याच कातडीत. उन्हातल्या विशिष्ट अतिनील किरणांनी कातडीतल्या एका स्निग्ध द्रव्याचं रूप पालटतं, मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामायोग्य करतात. हे किरण काचेतून आत येत नाहीत, कपड्यातून फारसे येत नाहीत, आणि सकाळी फार लवकर किंवा संध्याकाळी पृथ्वीपर्यंत जवळपास पोचतच नाहीत. म्हणजे आपल्या आज्या ज्या कोवळ्या उन्हाचं कौतुक करत आल्या, त्यात ऊब पुष्कळ पण हा माल कमी. कातडी सावळी असेल तर वेळ आणखी जास्त लागतो.

हे आज चार वाक्यांत सांगता येतं. कळायला पावणेतीनशे वर्षं लागली. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५० साली मुडदुसावर ग्रंथ लिहिला. पुढे कोळशाच्या धुराने इंग्लंड-स्कॉटलंडची आकाशं काळवंडली आणि गल्लीबोळांतली मुलं इतकी वाकडी होऊ लागली की जर्मन लोक या आजाराला ‘इंग्रजी रोग’च म्हणत. ग्लासगो शहरात विल्यम मॅकएवन या शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा शेकडो मुलांचे पाय छिन्नीने हाड कापून सरळ केले. १८८० साली त्यावर पुस्तकही लिहिलं. वाकडं हाड सरळ करण्याची कला माणसाला साधली होती. ते वाकडं का झालं याचा मात्र पत्ता नव्हता. कुणी म्हणे हवा कोंदट, कुणी म्हणे व्यायाम नाही, कुणी म्हणे आहार निकृष्ट, कुणी म्हणे आईबापांचा दोष.

१८९० साली थिओबाल्ड पाम या इंग्रज डॉक्टराने एक साधी गोष्ट केली. तो जपानमध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून राहिला होता, आणि तिथे त्याला मुडदूस दिसला नव्हता. मायदेशी परतल्यावर तो पावलोपावली दिसू लागला. त्याने देशोदेशीच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून माहिती मागवली. निष्कर्ष असा निघाला की गरिबी, घाण, उपासमार असूनही जिथे ऊन भरपूर तिथे हा रोग क्वचित. त्याने उन्हाचा उपाय सुचवला. फारसं कुणी ऐकलं नाही.

१९१९ साली दोन शोध जवळजवळ एकाच वेळी लागले. लंडनमध्ये एडवर्ड मेलन्बी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना विशिष्ट आहारावर ठेवून मुडदूस घडवला आणि कॉड माशाच्या तेलाने तो टाळता येतो हे दाखवलं. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण दिले आणि ती बरी झाली. गंमत म्हणजे एकाच हातावर किरण टाकले तरी दुसऱ्या हाताचं हाडही भरून येई. म्हणजे कातडीतून काहीतरी रक्तात जात होतं. एक म्हणे तेल, दुसरा म्हणे प्रकाश. दोघेही बरोबर होते, पण ते कसं, हे कुणालाच नीट जुळवता येत नव्हतं. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी तेलातला तो घटक ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचं दाखवलं, आणि अ, ब, क नंतर रांगेत आलेलं अक्षर त्याला मिळालं.

पण पामच्या सिद्धांताला एक मोठी अडचण होती. हिंदुस्थान. इथे तर ऊनच ऊन. मग इथे मुडदूस असायलाच नको. आणि तो होता.

त्याच १९२२ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’ या इंग्रजी नियतकालिकात एच. एस. हचिसन आणि एस. जे. शाह या दोघांचा लेख आला. विषय मुडदुसाचं कारण, लहानपणीच्या आणि उशिरा होणाऱ्याही. अभ्यासाची जागा नाशिक. तेव्हा आमचं वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं आणि नाशिक मुंबई इलाख्यात. पण घरं, चाली, उंबरे सगळे ओळखीचे. या दोघांना जे दिसलं ते त्या काळच्या समजुतीच्या बरोबर उलट होतं. गरीब घरांत, जिथे अन्नाची वानवा, दूध-तुपाचं नाव नाही, तिथे मुडदूस क्वचित. बाया शेतात राबत, पोरं त्यांच्याबरोबर बांधावर. आणि मुडदूस कुठे? खात्यापित्या घरांत. पडदा पाळणाऱ्या मुसलमान कुटुंबांत, आणि तशीच चाल असलेल्या वरच्या जातीच्या हिंदू कुटुंबांतही. तिथली तान्ही मुलं आईबरोबर आतल्या खोलीत, मुली वयात आल्या की आतच, आणि त्यांची हाडं त्याच वयात मऊ पडू लागत.

मला हे वाचताना एकदम दोन चेहरे दिसले. एक अम्मीचा. घरी म्हैस होती, तिने आयुष्यभर दूध-तूप खाल्लं. दुसरा आमच्याकडे पूर्वी निंदायला येणाऱ्या मावशीचा. भाकरी, ठेचा, कधी वरण. अम्मीच्याच वयाची असेल. पंच्याहत्तरीतही कमरेला विळा खोचून ताठ चालायची. तिला मी एकदा विचारलं होतं, मावशी, तुमचे गुडघे कसे दुखत नाहीत? ती म्हणाली, ‘आमाले कुठचं घरात बसनं वो भाऊ, आमी तं दिवसभर वावरातच रायतो.’ तेव्हा मला ती तक्रार वाटली होती. (राबणाऱ्या बाईची हाडं ठणठणीतच असतात असं मात्र समजू नये. कमी कॅल्शियम, जास्त बाळंतपणं आणि ओझी यांनी तीही झिजतात. पण तो वेगळा विषय.)

नाशिकनंतर इतर ठिकाणांहूनही नोंदी येऊ लागल्या. काश्मीरमध्ये काम करणाऱ्या डॉ. कॅथलीन वॉन यांनी १९२८ साली पडदा आणि मातृत्व यांवर पुस्तक लिहिलं. श्रीनगरच्या अरुंद गल्ल्यांतल्या घरात कोंडलेल्या बायकांच्या कमरेची हाडं इतकी दबत की मूल बाहेर यायला वाटच उरत नसे. आई जाई, मूल जाई, किंवा दोघं. आणि त्याच शहरातल्या, पाण्यावर उघड्या होड्यांत राहणाऱ्या हांजी बायका? त्याही मुसलमानच. पण त्यांना हा त्रास नव्हता. ही एवढी एक ओळ मला सगळ्या पुस्तकाच्या मोलाची वाटते. धर्म तोच, मुलूख तोच, हवा तीच. फरक फक्त डोक्यावरच्या छताचा.

पण तो काळ असा सरळ वाचण्याचा नव्हता. १९२७ साली कॅथरीन मेयो यांचं ‘मदर इंडिया’ निघालं होतं आणि हिंदुस्थानी घरातल्या प्रत्येक दुःखाचा उपयोग आपल्याला राज्य करायला नालायक ठरवण्यासाठी केला जात होता. त्यामुळे पडदा आणि हाडं हा विषयही साहेबाच्या टोमण्यासारखा ऐकला गेला असेल तर नवल नाही. मी मुसलमान आहे. अशा पुस्तकाचं पान उलटताना माझाही हात क्षणभर आखडतो. आपल्या घरातली गोष्ट परक्याने सांगितली की ती खोटी वाटावी असं मनाला वाटतं. पण हाडाला राजकारण कळत नाही. डॅगमार विल्सन यांनी १९३० च्या आसपास कांगडा खोऱ्यात ऑस्टिओमलेशियाचा अभ्यास केला. तो तर बहुसंख्य हिंदूंचा डोंगराळ मुलूख. बाळंतिणीची अंधारी खोली, शेगडी, बंद खिडकी आणि सव्वा महिना ही चाल आपल्या वाड्यांत काय आणि आमच्या घरांत चाळीस दिवसांच्या नावाने काय, सारखीच होती.

आता माझी गोष्ट. आमचं मंगरूळपीरचं जुनं घर मातीचं, मधे मोठं आंगण. बाहेरून पाहिलं तर एक दार आणि उंच भिंत. अम्मी बाहेर जाताना बुरखा घ्यायची, दादा हयात कलंदरच्या दर्ग्यावर जाताना, बिरबलनाथांच्या यात्रेत बांगड्या घ्यायला जाताना. पण आंगणात ती डोक्यावर पदर टाकून मोकळी असे. डाळ वाळवणं, गहू पाखडणं, शेवया, पापड, केस धुणं, नातवंडांना तेल लावणं, सगळं आंगणात. बाया पडद्यात होत्या खऱ्या, पण त्या पडद्याला वरून छप्पर नव्हतं. जुन्या लोकांनी जीवनसत्त्वाचा विचार करून आंगणं ठेवली नाहीत हे उघड आहे. तरी त्यांच्या कित्येक लेकीसुनांची हाडं त्या आंगणाने राखली असतील असं मला वाटतं.

२००४ साली मी ते आंगण झाकलं. अर्ध्यावर स्लॅब टाकून पुस्तकांसाठी आणि कवीमित्रांच्या बैठकीसाठी खोली काढली, उरलेल्यावर टिनपत्रे. घरातल्यांना धूळ, पाऊस, माकडं यांचा त्रास नको म्हणून. सगळ्यांनी वाहवा केली. अम्मीने फक्त एवढंच विचारलं होतं, ‘बेटा, पापड कां सुखाऊंगी?’ मी म्हटलं, आता पापड विकत आणू. पंधरा वर्षं ती त्या सावलीत राहिली. त्या खोलीत बसून मी उजेडावर कविताही लिहिल्या. डॉक्टरांनी घरातल्या उन्हाबद्दल विचारलं तेव्हा ती माझ्याकडे का पाहत होती, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

हे माझ्या एकट्याच्या घरात झालं असतं तर मी ते इथे सांगितलंही नसतं. १९६२ साली ग्लासगोत, म्हणजे मॅकएवनच्याच शहरात, डॉ. डनिगन आणि सहकाऱ्यांना तिथे स्थायिक झालेल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आणि ऑस्टिओमलेशिया सापडला. गोऱ्या मुलांतून जवळपास हद्दपार झालेला रोग आपल्या सावळ्या मुलांच्या पायांनी परत आला होता. मग २००० साली दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांचं रक्त तपासलं. उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांची स्थिती बरी निघाली. इस्पितळातल्या डॉक्टर-परिचारिकांचीच फार कमी. २०११ साली मुंबईतून आलेल्या अभ्यासात तरुण, धडधाकट, बहुतेकांना काहीच त्रास नसलेल्या मंडळींतही कमतरता सर्रास आढळली. यांतल्या कितीजणांनी बुरखा घेतला असेल? ऑफिस, लोकल, फ्लॅट, जिना, लिफ्ट. पुण्यात लहान मुलांवर झालेलं काम तर मला नाशिकचीच पुढची गोष्ट वाटते : झोपडपट्टीतल्या खोलीत दिवसभर आत राहणारी मुलं आणि पाळणाघराच्या निमित्ताने उन्हात खेळणारी मुलं यांची तुलना केली, तर आतल्या मुलांत मुडदूस अधिक. शंभर वर्षांपूर्वी श्रीमंताघरी कोंडलेली मुलं होती, आता गरिबाघरी कोंडलेली आहेत. आईबाप कामावर जातात आणि दाराला कडी लावून जातात.

ऑपरेशन आणि हाड भरून येण्याबद्दल बोलायचं तर तिथे उत्साहाला थोडा लगाम हवा. १९९९ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी खुब्याचं हाड मोडून आलेल्या वयस्क स्त्रियांचं रक्त पाहिलं, तेव्हा त्यांतल्या निम्म्या जणींत ड जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. २००७ साली अमेरिकेतल्याच एका अभ्यासात, ज्यांची मोड कारण नसताना जुळत नव्हती अशांची तपासणी झाली, आणि सर्वांत जास्त सापडलेला दोष पुन्हा तोच. पण याचा अर्थ ज्याला त्याला गोळ्या दिल्या की हाड झपाट्याने जुळतं, असा नाही. २०२२ साली अमेरिकेत हजारो लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला : ज्यांच्यात कमतरता आहे म्हणून निवडलेलंच नव्हतं, अशा सर्वसाधारण निरोगी माणसांना ड जीवनसत्त्व देऊन मोडी कमी झाल्या नाहीत. ज्याच्याकडे सिमेंट पुरेसं आहे त्याच्या अंगणात आणखी पोती रचून घर पक्कं होत नाही. ज्याच्याकडे पोतंच नाही, त्याची गोष्ट वेगळी.

आणि जास्तीचं सिमेंट चक्क घातक. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. ‘ताकदीची सुई’ म्हणून मोठमोठे डोस पुन्हा पुन्हा टोचले की रक्तातलं कॅल्शियम बेसुमार वाढतं, उलट्या, गुंगी, मूत्रपिंडं खराब. अशा रुग्णांची नोंद खुद्द काश्मीरमधून २०११ साली झाली, म्हणजे जिथे वॉनबाईंना कमतरतेने मरणाऱ्या बायका दिसल्या होत्या, तिथूनच. आपल्याकडे औषधाच्या दुकानात साठ हजार युनिटची पुडी सहज मिळते. ती आठवड्याची असते, रोजची नाही, हे दुकानदाराने प्रत्येकाला सांगावं अशी माझी फार इच्छा आहे. दुधाच्या आणि तेलाच्या पिशवीवर निळं ‘+एफ’ चिन्ह दिसलं तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं. ती मात्रा थोडी असते, त्याची भीती नको.

अम्मीला आठ आठवडे, आठवड्याला एक पुडी मिळाली. कॅल्शियम मिळालं. मांड्यांचे व्यायाम शिकवायला एक मुलगी येत होती, आणि मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. ती मुलगी बंद, गवंडी बंद, अकोल्याचा रस्ता बंद. मी आणि माझा भाचा, दोघांनी पाना आणि हातोडी घेऊन आंगणावरचे टिनपत्रे काढायला सुरुवात केली. चार दिवस लागले. स्लॅब राहिला, तो कसा काढणार? पण पत्र्यांखालचा भाग, साधारण दोन खाटांएवढा, पुन्हा उघडा झाला.

एप्रिलचं ऊन ते. सकाळी साडेनऊ-दहाला पंधरा-वीस मिनिटं, बाह्या कोपराच्या वर, पावलं उघडी, मग लगेच सावलीत आणि वर मडक्यातलं पाणी. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं प्रमाण हेच होतं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, ‘लोग क्या बोलेंगे?’ मी म्हटलं, अम्मी, बाहेर काळं कुत्रं नाही. रस्त्यावर पोलिसाची शिट्टी तेवढी वाजत होती.

दिवाळीच्या सुमाराला नवा एक्स-रे काढला. मोडीच्या रेघेवर धुक्यासारखी पांढरी गाठ धरलेली होती. पुडीने झालं, उन्हाने झालं की नुसत्या काळाने, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते प्रामाणिक गृहस्थ. म्हणाले, मुख्य काम पुडीचं. या वयात कातडी तितकी करत नाही. पण घरात ऊन राहू द्या, सुना आहेत, नाती आहेत.

अम्मी वॉकर घेऊन चालू लागली. दर्ग्यापर्यंत नाही, पण आंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. त्या उन्हाळ्यात तिने सुनांकडून मुगाचे पापड लाटून घेतले आणि स्वतः खाटेवर बसून काठीने कावळे हाकलले. स्लॅबची सावली अकरा वाजता खाटेवर सरकते. तेव्हा ती माझ्या खोलीच्या दाराकडे तोंड करून हाक मारते, खाट जरा पुढे घे. मी लिहीत असलो तरी उठतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)